थैल्या पोचल्या आणि कायदा बदलला? व्यापारी संघटनांबद्दलच्या एका लाडक्या समजाला उत्तर

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द दरवेळी बदलतात, सांगाडा तोच राहतो. राज्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि उद्योजकांच्या संघटना मंत्र्यांकडे थैल्या पोचवतात, चार दिवस शटर पाडतात आणि हवा तो कायदा करून घेतात, असा एकूण सूर. पुराव्याला तीन उदाहरणं ठरलेली: एलबीटी (महापालिकांचा स्थानिक संस्था कर) गेला, दुकानांचा कायदा बदलला, बाजार समित्यांचं नियंत्रण सैल झालं. त्याला जोडून दोन वाक्यं, की महापालिका यांच्यामुळे भिकेला लागल्या आणि या सगळ्या संघटना आतून एकच आहेत. शेवटी फर्मान: यांना मंत्रालयाच्या पायऱ्या चढू देऊ नका.

आधी माझं सांगतो. मी करसल्लागार आहे आणि आमच्या गावच्या व्यापारी महासंघाची निवेदनं बरीच वर्षं मीच लिहून देतो. त्यामुळे या वादात मी काठावर बसलेला माणूस नाही. एवढ्यावरून ज्यांचं मत ठरणार असेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं. पण वर सांगितलेला मजकूर मुद्द्यांवर टिकत नाही, आणि व्यापाऱ्यांवर खरोखर जे आक्षेप घ्यायला हवेत ते त्यात एकदाही येत नाहीत. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल जास्त आहे.

दावा पहिला: शटर पाडून आणि पैसे चारून एलबीटी रद्द करून घेतला

हे सगळ्यात जास्त फिरलेलं उदाहरण, म्हणून इथे जरा थांबू.

गोष्ट जकातीपासून सुरू होते आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकी जकात गाळलेली असते. शहराच्या वेशीवर ट्रक अडवायचा, बिलं तपासायची, मालाच्या किमतीवर कर घ्यायचा आणि मग आत सोडायचं. नाक्यावर गाड्यांच्या रांगा, चिरीमिरी, चोरवाटा हे सगळं ज्यांनी मुलुंड किंवा दहिसरचा नाका पाहिला आहे त्यांना सांगायला नको. नगरपालिका हद्दीतली जकात १९९९ मध्ये उठली, महापालिकांत मात्र राहिली. ‘जकात काढा’ ही मागणी संघटनांच्या प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक अर्थसंकल्पपूर्व बैठकीत व्हायची.

सरकारने ती ऐकली, पण स्वतःच्या पद्धतीने. १ एप्रिल २०१० पासून जळगाव, नांदेड, मीरा-भाईंदर अशा महापालिकांपासून सुरुवात करून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, टप्प्याटप्प्याने आणला गेला. २०१३ मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे ही मोठी शहरं त्यात आली. नाका गेला, पण कर वह्यांत शिरला. व्हॅटचं, म्हणजे राज्याच्या विक्रीवरच्या कराचं, विवरणपत्र विक्रीकर खात्याला, एलबीटीचं महापालिकेला. दोन नोंदण्या, दोन तपासण्या, आणि दुकानात येऊन दफ्तर मागण्याचा अधिकार महापालिकेच्या माणसाला. संघटनांचं म्हणणं होतं की कर घ्या, पण व्हॅटवरच अधिभार लावून घ्या आणि तिथूनच महापालिकेचा वाटा काढून द्या. म्हणजे ज्या कराविरुद्ध पुढे रान उठलं, तो कर संघटनांच्याच जुन्या मागणीला सरकारने दिलेलं उत्तर होतं. कायदे ज्यांच्या खिशात असतात त्यांच्या वाट्याला असली उत्तरं येत नाहीत.

आता शटरचं. एप्रिल आणि मे २०१३ मध्ये पुण्यापासून मुंबईपर्यंत बंद झाले, आणि ते एक-दोन दिवसांचे नव्हते. पाडव्याचा धंदा गेला, लग्नसराईचा गेला. मुंबईत ‘फाम’ ही व्यापारी संघटनांची शिखर संघटना आघाडीवर होती. असा बंद लांबला की काय होतं हे पेठेत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पहिले दिवस चौकात सभा आणि घोषणा. मग कुणाचं तरी शटर गुडघ्याएवढं वर दिसतं. मग मागच्या दाराने ओळखीचं गिऱ्हाईक आत घेतलं जातं, आणि शेजारचा दुकानदार संघटनेच्या अध्यक्षाला फोन लावतो. घाऊक व्यापारी महिनाभर दम धरू शकतो, भाड्याच्या गाळ्यात बसलेला कापडवाला धरू शकत नाही. ग्राहकही वैतागले. आणि एवढं करून मिळालं काय? तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मागे हटले नाहीत. किरकोळ सवलती मिळाल्या, एलबीटी कायम राहिला. मुंबईत तो लागू झाला नाही हे खरं, पण मुंबईला त्या बदल्यात सुटका मिळाली नाही. तिथे जुनी जकातच ३० जून २०१७ पर्यंत चालू होती.

एलबीटी गेला तो बंदनंतर दोन वर्षांनी, सरकार बदलल्यावर. २०१४ च्या निवडणुकीत भाजपने तो रद्द करण्याचं आश्वासन दिलं होतं. मार्च २०१५ च्या अर्थसंकल्पात सुधीर मुनगंटीवारांनी घोषणा केली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून अंमल झाला. इथे ‘थैली’वाल्यांनी एक आकडा नीट पाहावा. सूट कुणाला मिळाली? वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांच्या आत असलेल्यांना. त्यामुळे आठ लाखांहून जास्त व्यापारी सुटले आणि साधारण ११६२ मोठ्या आस्थापनांवर एलबीटी तसाच राहिला. थेट जीएसटी येईपर्यंत राहिला. पैशाने कायदा विकत घेतला गेला असता तर सुटका त्या ११६२ जणांची झाली असती, कारण थैल्या भरण्याची ऐपत त्यांचीच. सुटले ते गल्लीतले आठ लाख, ज्यांच्यामागे घरातली आणि दुकानातली मिळून किती मतं आहेत याचा हिशोब कुठलाही तालुकाध्यक्ष तोंडी करून देईल.

मतांच्या जोरावर कर रद्द करणं चांगलं की वाईट यावर जरूर भांडू. पण ते लाच देऊन कर रद्द करून घेण्यापेक्षा वेगळं आहे.

दावा दुसरा: त्यामुळे महापालिका भिकेला लागल्या

यात अर्धं तथ्य आहे, आणि हे अर्धं आमच्या लोकांना ऐकवलं की त्यांना आवडत नाही.

महापालिकांचं उत्पन्न बुडालं असं झालं नाही, कारण राज्याने तिजोरीतून भरपाई दिली. २०१५-१६ च्या उरलेल्या महिन्यांसाठी सुमारे २०४८ कोटी रुपयांची पुरवणी मागणी मंजूर झाली. पुढे जीएसटीच्या वेळी, मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात, स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा वेगळा कायदाच झाला. त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला पहिला धनादेश मिळाला तो सुमारे ६४७ कोटी रुपयांचा.

पण भरपाई हवेतून येत नाही. व्यापाऱ्याने भरायचा आणि मालाच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून वसूल व्हायचा तो कर गेला, आणि त्याची जागा राज्याच्या एकूण तिजोरीने घेतली. त्या तिजोरीत शहरात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाचाही वाटा आहे. शिवाय महापालिका हद्दीत घर घेताना मुद्रांक शुल्कावर जो एक टक्का जास्त लागतो, तो एलबीटीच्याच नावाने सुरू झाला होता. दुकानदाराचा एलबीटी गेला, घर घेणाऱ्याचा अजून चालू आहे. पुण्यात दस्तनोंदणीला बसलेल्या जोडप्याला चलनावर ते नाव आजही दिसतं. ‘हे काय आहे?’ असं त्यांनी विचारलं की वकील म्हणतो, ‘असतं ते.’

त्याहून मोठी गोष्ट अशी की महापालिकेचा स्वतःचा, वाढता, रोखीचा कर गेला आणि ती दर महिन्याला मुंबईकडे डोळे लावून बसू लागली. मी लिहिलेल्या एकाही निवेदनात या प्रश्नाबद्दल एक ओळ नव्हती, कारण तो प्रश्न कुणी उपस्थितच केला नाही. संघटना आपल्या सभासदाचं ओझं पाहते. शहराचा खिसा पाहणं नगरसेवकांचं काम होतं आणि त्यांनीही ते केलं नाही. टीका करायची तर इथे करा. ‘भिकेला लागल्या’ म्हटलं की ही सगळी चर्चाच बुडते.

दावा तिसरा: २०१७ चा दुकान कायदा व्यापाऱ्यांनीच लिहून दिला आणि कामगारांची सुट्टी गेली

मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ चा. कोणत्या दुकानाने किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, आठवड्यात कोणत्या दिवशी कुलूप लावायचं, हे सगळं त्यात होतं. तो जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला.

तो व्यापाऱ्यांनी लिहून दिला म्हणणाऱ्यांनी २०१६ साल विसरू नये. त्या वर्षी केंद्र सरकारने दुकानांसाठी नमुना कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला आणि महाराष्ट्राने तो बऱ्याच अंशी उचलला. बारा महिने, रात्रंदिवस उघडं ठेवण्याची हौस मॉलवाल्यांना आणि मोठ्या साखळी दुकानांना होती. लहान दुकानदारांत तेव्हा नाराजीच जास्त ऐकली. समोरचा रात्री अकरापर्यंत उघडा राहिला तर मलाही राहावं लागेल, माझ्याकडे दुसऱ्या पाळीला माणूस कुठे आहे, असं ते म्हणायचे. सक्तीची साप्ताहिक सुट्टी ही लहान दुकानदाराचीही सुट्टी होती, हे मॉलच्या बाजूने बोलणाऱ्यांना उमगत नाही.

कामगाराची सुट्टी गेली हे तर सरळ चूक. दुकान सातही दिवस उघडं राहू शकतं, पण माणसाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस द्यावाच लागतो. दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास, त्यापुढे दुप्पट दराने मोबदला, आठ किरकोळ रजा, आठ पगारी सणसुट्ट्या हे सगळं २०१७ च्या कायद्यात लिहिलं गेलं.

मग बोचणारी गोष्ट कोणती? ती या कायद्याच्या अगदी पहिल्या पानावर आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात ती मला कधी दिसली नाही. हा कायदा २०१७ मध्ये दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू केला गेला. नऊ माणसं असतील तर मालकाने धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, झालं. बाकीची कलमं त्याला लागू नाहीत. आता आपल्या गावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारा आणि दहा नोकर असलेली दुकानं मोजा. सराफाची एखाददुसरी पेढी, साड्यांचं मोठं दालन, एखादं हॉटेल. बाकी किराणा, औषधं, हार्डवेअर, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती इथे दोन ते पाच माणसं. त्या माणसांची आठवड्याची सुट्टी आता मालकाच्या मर्जीवर आहे. आमच्या संघटनेने या सवलतीचं स्वागत केलं होतं आणि ते पत्र मीच लिहिलं. नोंदणीचं नूतनीकरण, निरीक्षकाच्या फेऱ्या, त्याचा चहापाणी हे सगळं थांबलं, म्हणून लहान व्यापारी खूश होता, आणि त्याचं खूश असणं मला आजही समजतं. पण त्या निरीक्षकाबरोबर नोकराचं संरक्षणही गेलं, ही या सवलतीची किंमत होती आणि ती संघटनेच्या सभासदाने भरली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याला आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्याला मंजुरी दिली. ‘सुट्टी गेली’ असं ओरडणाऱ्यांनी वीसच्या आकड्याकडे पाहिलं तर बरं होईल.

याच कायद्याच्या बाबतीत संघटनांचा हात किती लांब पोचतो याचा दुसरा नमुनाही आहे. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. याचिका फेटाळली गेली, वर २५ हजार रुपयांचा खर्च बसला. सर्वोच्च न्यायालयात गेली, तर सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगून परत पाठवली. सरकार खिशात घेऊन फिरणाऱ्यांना पाटीच्या अक्षरांसाठी दिल्लीपर्यंत जावं लागतं आणि हात हलवत यावं लागतं, हे जरा विचित्रच नाही का? (पाटी मराठीत असावी असंच माझं मत होतं. संघटनेत ते मांडलं तेव्हा चहा लवकर मागवला गेला.)

दावा चौथा: मुक्त बाजार व्यापाऱ्यांनाच हवा होता, म्हणून बाजार समित्या मोडल्या

इथे मजकूर लिहिणाऱ्याने बाजार समितीत कधी पाय ठेवलेला नाही हे उघड होतं.

बाजार समितीच्या गाळ्यात बसलेल्या अडत्याला, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या दलालाला, मुक्त बाजार कशाला हवा? त्याचा परवाना, त्याचा गाळा, त्याची अडत (दलाली) हे सगळं १९६३ च्या कायद्याच्या कुंपणावर उभं आहे. कुंपण मोडलं तर पहिला तोटा त्याचा. म्हणून नियमनमुक्तीचं, म्हणजे समितीबाहेर विक्रीला मोकळीक देण्याचं, प्रत्येक पाऊल व्यापाऱ्यांच्या विरोधाला तोंड देत पडलं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्या असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, आणि काही दिवसांतच सरकारने आदेशाला स्थगिती दिली. ही दबावाने मिळवलेली सवलत होती यात शंका नाही, आणि तिची किंमत शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, गेली. जुलै २०१६ मध्ये सरकारने तीच गोष्ट अध्यादेशाने आणली, सोबत फळं-भाजीपाला नियमनातून बाहेर काढला. वाशीला पुन्हा बंद झाला, पण या वेळी सरकार हललं नाही.

२०१८ च्या हिवाळ्यात आणखी पुढचं पाऊल टाकणारं विधेयक आलं. त्याच्या विरोधात वाशीच्या बाजारात व्यापारी आणि माथाडी कामगार एकत्र रस्त्यावर उतरले. मालक आणि हमाल एका बाजूला. विधेयक मागे घ्यावं लागलं. दुसरीकडे प्रक्रिया उद्योगवाले आणि थेट खरेदी करणाऱ्या कंपन्या नियमन उठावं म्हणून निवेदनं देत होत्या. आता यातला ‘व्यापाऱ्यांच्या फायद्याचा कायदा’ कोणता? नियमन ठेवणारा की उठवणारा? दोन्हीकडे व्यापारीच होते.

दावा पाचवा: सगळ्या संघटना आतून एक

वरच्या उदाहरणांनंतर यावर फार शाई खर्च करायला नको. मॉल आणि किराणा, अडत्या आणि प्रक्रिया उद्योजक, उत्पादक आणि वितरक यांच्यात रोजचं वाकडं. प्रदेशाचं भांडण त्याहून जुनं आहे. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या संघटनांनी स्वागत केलं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या उद्योजकांनी आम्ही काय पाप केलं म्हणून विचारलं. सवलतीचा मोठा घास जालन्याच्या पोलाद कारखान्यांना गेला अशी ओरड पुढे विदर्भातूनच झाली.

दावा सहावा: यांना मंत्रालयात येऊच देऊ नये

पूर्वी यांना मंत्रालयात यावं लागत नव्हतं, ते सभागृहातच बसायचे. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यातल्या सात व्यापार-उद्योगासाठी राखीव, आणि सात कामगारांसाठी. १८३६ पासूनच्या बॉम्बे चेंबरला किंवा १९०७ च्या इंडियन मर्चंट्स चेंबरला मतदारसंघाचा मान होता. स्वातंत्र्यानंतर ही सोय गेली आणि ती जायलाच हवी होती. आज विधान परिषदेत पदवीधरांना जागा आहेत, शिक्षकांना आहेत, व्यापाऱ्यांना नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापलेलं महाराष्ट्र चेंबर असो की पुण्याचं १९३४ चं मराठा चेंबर, कुणाच्याही हातात आता मतदारसंघ नाही. उरलं ते निवेदन.

आणि निवेदन ही काय चीज आहे ते एकदा सांगतो, कारण थैलीची गोष्ट चटकदार असली तरी काम या कागदाने होतं. संघटनेच्या लेटरहेडवर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’, मग ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’. आवक शाखेचा शिक्का मारून पोच घ्यायची. मंत्र्यांची वेळ बाराची असते, भेट दुपारी चारला होते, पुष्पगुच्छ तोवर मान टाकतो. मंत्री उभ्याउभ्या समासात शेरा मारतात, आणि सगळा खेळ त्या शेऱ्याचा. ‘तपासून उचित कार्यवाही करावी’ म्हणजे कागद कपाटात गेला असं समजावं. ‘बैठक लावावी’ असेल तर पेढे वाटायला हरकत नाही. बैठक झाली की खरा माणूस भेटतो, तो कक्ष अधिकारी. त्याला भाषण नको असतं. बाकीच्या राज्यांत काय आहे, किती आस्थापनांवर परिणाम होईल, महसूल किती घटेल, एवढं त्याला एका पानात हवं असतं. जी संघटना गुजरात, कर्नाटक, तेलंगणाचा तक्ता करून नेते, तिचा तक्ता टिपणीत शब्दशः उतरतो. दुकानातल्या नोकरांची संघटना तिथे तक्ता घेऊन आलेली मी क्वचितच पाहिली. ती आली तर अधिकारी तिचाही उतरवेल.

दुसरं, जे मिळतं ते बहुतेकदा कायद्यात मिळतच नाही, कायद्याच्या खालच्या कागदांत मिळतं. प्लास्टिकबंदी आठवा. मार्च २०१८ मध्ये अधिसूचना निघाली, तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. किराणावाल्यांनी विचारलं, पावसाळ्यात साखर आणि डाळ कागदात बांधून द्यायची कशी? आठवड्याभरात ५० मायक्रॉनहून जाड पिशवीत किराणा बांधून द्यायला अटींसह परवानगी मिळाली. सभागृहात ना चर्चा, ना मतदान, नुसती सुधारित अधिसूचना. किराणावाल्याचं म्हणणं रास्त होतं, पण रास्त नसलेलं म्हणणंही याच दाराने जातं, आणि तिथे पत्रकार नसतात.

पैसा फिरतच नाही असं मी म्हणणार नाही. पक्षांना देणग्या दिल्या जातात, निवडणुकीच्या काळात संघटनांचे पदाधिकारी कुणाच्या व्यासपीठावर असतात ते गाव बघतं. कुणी कुणाची भेट घेतली, काय मागितलं, याची नोंद ठेवण्याची सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१३ मध्ये लोकसभेत तसं एक खासगी विधेयक आलं होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. तसा कायदा राज्यात आला तर आमच्या महासंघाने विरोध करावा असं मला वाटत नाही. आमची निवेदनं अशीही पोचपावतीसकट फायलीत आहेत.

मंत्रालयाचं दार बंद केलं तर काय होईल ते मात्र सांगता येतं. मोठ्या कंपनीला त्या दाराची गरज नाही. तिचा माणूस मंत्र्याला विमानतळावर भेटतो, दिल्लीत भेटतो, गुंतवणुकीच्या करारावर सही करताना भेटतो. दार लागतं ते तालुक्याच्या किराणा असोसिएशनला. वीजदराचं कसं होतं ते पाहा. वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत प्रस्ताव आधी जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन जशी उभी राहते तसाच एखादा शेतकरी किंवा घरगुती ग्राहकही उभा राहतो, आणि कुणाच्या हरकतीला काय उत्तर दिलं ते आदेशात छापून येतं. तिथेही संघटनांचे वकील भारी असतात, पण काय मागितलं ते सगळ्यांना वाचता येतं. विधेयकांचं तसं नाही. बहुतेकदा मसुदा अधिवेशनाच्या तोंडावरच हातात पडतो, आणि तोवर ज्यांच्याकडे ओळखी आहेत त्यांचं म्हणणं आत गेलेलं असतं.

दहाऐवजी वीस कामगारांची जी मर्यादा मंत्रिमंडळाने मंजूर केली, तिच्यावर किती दुकान-नोकरांचं म्हणणं कोणत्या फायलीत आहे, हे कुणी माहिती अधिकारात विचारावं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. मजकूर लिहून देतो, फी घेणार नाही.